व्याही कधीपासून म्हणायचं

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत इतकी वर्षं निवडणूक म्हणजे काय होतं, तर चहा. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायच्या, सेक्रेटरींनी विचारायचं, "कुणाला यायचंय का कमिटीत?", सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघायचं, की जुनीच कमिटी पुन्हा बसली. मग बिल्डिंग पाडून नवी बांधायची गोष्ट निघाली आणि ज्यांनी पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांनाही कमिटीत जावंसं वाटायला लागलं. तरी बोलाचालीने बाकीच्या जागा भरल्या. बायकांच्या जागेवर मात्र अडलं.

तिथे दोघी उभ्या. एक सेक्रेटरींची बायको, माझ्या समोरच्या दारातली. माझ्यापेक्षा लहान, पण मी तिला वहिनीच म्हणते. दुसऱ्या, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. त्यांचं म्हणणं एकच होतं. बिल्डरचा करार इंग्रजीत आहे, तो सगळ्यांसमोर मराठीत वाचून झाल्याशिवाय कमिटीने सही करायची नाही. "घर माझं पाडणार, आणि कुठल्या अटीवर ते मला कळायला नको?" असं त्या जिन्यात भेटेल त्याला विचारायच्या. सेक्रेटरींना सही लवकर हवी होती. कमिटीत दोन्ही बाजूंची माणसं सारखी झाली होती, तेव्हा ही जागा जिकडे जाईल तिकडचं चालणार, हे वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "निवडणूक घ्यायला बाहेरचा माणूस आणू. उगाच कुणाला बोलायला जागा नको." त्यांनी टिटवाळ्याचे एक गृहस्थ आणले. पतपेढीतून रिटायर झालेले, सोसायट्यांच्या निवडणुका घ्यायची सवय असलेले.

मी मत द्यायला गेले तर चेहरा ओळखीचा. अहो, थोड्याच दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरी सुपारीला जेवून आले होते! त्यांची मुलगी सेक्रेटरींच्या मुलाला दिलेली. मुलाकडची मोठी बाई म्हणून मला नेलं होतं, मुलीची ओटी मीच भरली. त्यांना टेबलामागे बसलेलं पाहून मनात म्हटलं, बरं झालं, घरचा माणूस आहे. खरंच तसं वाटलं मला. घरात कार्य असलं की कोठीच्या किल्ल्या आपण घरच्याच माणसाकडे देतो ना, तसं. त्यांनीही मान लववून नमस्कार केला.

मोजणीला सगळे थांबले होते. निवडणूक अधिकाऱ्यांनी एक मतपत्रिका बाजूला काढली. डोक्यावर पेनाने 'श्री' लिहिलेलं, खाली बाईंच्या नावापुढे व्यवस्थित फुली. कुणाची ते विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा किराण्याच्या चिठ्ठीवरही आधी श्री लिहितात.

"ओळख पटेल अशी खूण चालत नाही. मत बाद," अधिकारी म्हणाले.

आजोबा उठून उभे राहिले. "मग काय कोऱ्या कागदावर तसंच सुरू करायचं?"

ते मत गेलं आणि दोघींची मतं सारखी झाली. चिठ्ठ्या टाकल्या, वहिनीचं नाव निघालं. अधिकाऱ्यांनी निकाल वाचला, सही केली, शिक्का मारला. बाई पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

मी आपली ट्रे घेऊन गेले. "घ्या व्याहीबुवा, चहा घ्या. दमला असाल."

एवढंच बोलले. पार्किंगमध्ये कुणी बशीसुद्धा वाजवेना.

"काकू, कोण म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"व्याहीबुवा. अहो, यांच्याकडेच नाही का सुपारी फुटली? पेढे दिले ना मी तुम्हाला."

"पेढे दिलेत. कुणाकडचे ते नाही सांगितलंत."

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुम्ही घरी जा."

बाई ठाण्याला सहकार न्यायालयात गेल्या. अर्जात दोन गोष्टी होत्या: श्रीचं मत मोजा, आणि उमेदवाराच्या सोयऱ्याने जाहीर केलेला निकाल रद्द करा. साक्षीदार मी.

वहिनी एका दुपारी माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. "काकू, तुम्ही सांगा, गमतीत म्हणाले."

"व्याह्यांना गमतीत व्याही कोण म्हणतं गं?"

"मग सांगा, आठवत नाही. वय झालं म्हणा."

"ओटी मी भरली, जिलबी मी खाल्ली आणि आठवत नाही म्हणू? जिलबी पाकात भिजली नव्हती हेसुद्धा आठवतंय."

तिला हसू आलं, मग डोळे पुसले. "मुलीच्या बापाला कोर्टात उभं केलंत. उद्या लग्न मोडलं तर?" मी कोथिंबीर निवडत राहिले. मला तिचं वाईट वाटत होतं आणि मला खोटंही बोलायचं नव्हतं. या दोन गोष्टी एका ठिकाणी बसत नव्हत्या.

कोर्टात वहिनीच्या बाजूचा वकील तरुण होता, टाय जरा जास्त घट्ट. तो म्हणाला, "आजी, लग्न झालेलं नाही. साखरपुडासुद्धा झालेला नाही. मग नातं कुठून आलं?"

"साहेब, सुपारी फुटली की आमच्यात व्याही म्हणायला लागतात."

"आणि लग्नात?"

"लग्नात काय, जेवायचं."

न्यायाधीश मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं. हसल्या की नाही, मला दिसलं नाही.

निकाल यायला पुष्कळ दिवस गेले. व्याही कधीपासून म्हणायचं, हे न्यायाधीशांनी ठरवलंच नाही. मला जरा चुटपुट लागली, मी त्यासाठी गेले होते. त्यांनी एवढंच म्हटलं की अशी सोयरीक जुळलेली असताना अधिकाऱ्यांनी ती आधी सांगून बाजूला व्हायला हवं होतं. त्या जागेचा निकाल रद्द, मतदान पुन्हा; म्हणून श्रीचं मत मोजायचा प्रश्नच उरला नाही.

नवीन अधिकारी कल्याणहून आले. आल्याआल्या म्हणाले, "इथे मला ओळखणारं कुणी आहे का?" कुणी नव्हतं. चहा घेतला नाही, बिस्किटाला हात लावला नाही. आणि बाई हरल्या. सरळ हरल्या, चांगल्या फरकाने. ज्यांनी आधी त्यांना मत दिलं होतं त्यांतल्या काहींना कोर्टकचेरी आवडली नव्हती. वहिनीच्या घरचं कार्य लांबणीवर पडलं म्हणून काही हळहळले असतील. बाईंनी निकालाच्या कागदावर सही केली. "या वेळी हरले. मागच्या वेळी काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही," एवढं बोलून वर गेल्या.

लग्न यथासांग झालं. बाईंना बोलावणं होतं, त्या आल्या, जेवल्या, आहेर देऊन गेल्या.

मग कराराची सभा. सहीसाठी बिल्डरचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला. बाई साध्या सभासद म्हणून उठल्या. "आधी मराठीत वाचा."

"बाई, तुम्ही निवडून आला नाहीत," सेक्रेटरी म्हणाले.

कमिटीच्या खुर्चीतून वहिनी बोलली. "वाचू द्या हो. याच कागदापायी मी इतके दिवस बोलणी खाल्ली. आहे काय त्यात, ते मलाही कळू दे."

बाई वाचायला लागल्या, एकेक वाक्य, वर्गात वाचायच्या तशा. निम्मे लोक उठून गेले. एका ठिकाणी त्या थांबल्या. "नवीन घर वेळेवर मिळालं नाही तर भाडं कुणी भरायचं?" बिल्डरचा माणूस म्हणाला, बिल्डरने. सेक्रेटरी म्हणाले, ते नंतर ठरेल. बाईंनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. त्यात भाड्याचा शब्दच नव्हता.

वहिनीने सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं. "पुढचं वाचा बाई," ती म्हणाली.