खोली नंबर चौदामधले कप

किस्से हे आमच्या सिंकमधल्या कपांसारखे साठतात. सकाळी बघावं तर एकच, दुपारपर्यंत ढीग! कुणी आणून ठेवले ते कळत नाही, निस्तरायचे मात्र आपणच. म्हणून म्हटलं, आज सांगूनच टाकावेत.

आधी सिंक कुठलं ते सांगते. मी कोलोनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेली वीस वर्षं काम करते. तळमजल्यावर, मोठ्या प्रिंटरच्या शेजारी, आमची खोली नंबर चौदा आहे. काळ्या विद्यार्थ्यांसाठीची ही 'आनलाउफश्टेले', म्हणजे अडलं-नडलं तर जायची जागा. अभ्यासाला टेबलं, पुस्तकांचं एक शेल्फ, अर्ज-बिर्ज लिहायला मदत, चहाची किटली, आणि मुख्य म्हणजे दार लावून घ्यायची सोय.

खोली चालवते मिरियम. जन्म कोलोनचा, उंची सहा फूट, आणि आवाज असा की शेजारचा प्रिंटरही घाबरतो. ती स्वतःला ठणकावून काळी म्हणवते. आपल्याकडे पोरीच्या स्थळासाठी 'गहूवर्णी' लिहितात ना, तसली लपवाछपवी तिला अजिबात खपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिथे कऱ्हाडच्या बाईचं काय काम? मलाही तोच प्रश्न पडला होता.

*

खोली उघडायची ठरली तेव्हा आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"फ्राउ पाटील, त्या खोलीसाठी लायब्ररीतलं कुणीतरी हवंय. मला वाटलं, तुम्ही... आल्झो, म्हणजे... तुम्हीपण..." आणि त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती हात गोल फिरवला.

"मीपण काय?"

"आल्झो... तिकडच्याच ना?"

"मी कऱ्हाडची," मी म्हटलं. "नकाशा काढा आणि आफ्रिकेत कुठे सापडलं तर मलाही दाखवा!"

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. मी तडक मिरियमकडे गेले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू काळी नाहीस."

"नाही."

"आमचं सगळं तुला कळतं असं म्हणणार आहेस?"

"मुळीच नाही."

"पुस्तकं शोधता येतात?"

"झोपेत!"

"गेनाऊ, मग बरोबर. मंगळवारी ये."

*

खोलीत नियम एकच. 'तू मूळची कुठली?' हा प्रश्न विचारायचा नाही. ज्याने विचारला, त्याने सिंकमधले सगळे कप घासायचे.

मिरियमने कारण सांगितलं तेव्हा मला एकदम पटलं. या पोरांना ट्राममध्ये, घर बघायला गेल्यावर, डॉक्टरकडे, सगळीकडे हेच विचारतात. 'कोलोन' म्हटलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही. "नाही, पण मूळची?" म्हणजे, तू इथली असूच शकत नाहीस! दिवसातून चार वेळा कुणी असं ऐकवलं तर डोकं फिरणार नाही का?

पटलं हो. पण तोंडाचं काय करू? आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न नाव, दुसरा गाव! कऱ्हाडच्या स्टँडवर शेजारी बसलेल्याला गाव विचारलं नाही तर तो म्हणेल, बाई फार शिष्ट दिसते.

पहिला महिनाभर मी एवढे कप घासले की घरी आमचे हे म्हणाले, "तुला तिथे लायब्ररीयन म्हणून घेतलंय की मोरीवर?"

*

त्या महिन्यात माझ्यामुळे पहिल्यांदा चिडली ती अबेना. इंजिनियरिंगची विद्यार्थिनी, केसांच्या बारीक वेण्या, बोलणं झरझर.

"कुठली गं तू?" माझ्या तोंडातून गेलंच.

"हॅम्बर्ग. आई बंदरात फेरीबोट चालवते. पुढे विचारू नकोस. सिंक तिकडे आहे."

मी घासत होते तेव्हा ती शेजारी येऊन पुसायला लागली आणि पुसता पुसता सगळं सांगितलं. मेकॅनिक्सच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. इथे तिसऱ्यांदाही नापास झालात की संपलं, तो कोर्स देशात पुन्हा कुठेही करता येत नाही. "येतं मला सगळं," ती म्हणाली, "पण ते सर मागे येऊन उभे राहिले की माझा हात थांबतो."

त्या सरांचं नाव मी सांगणार नाही, ते अजून शिकवतात. मुलं त्यांना 'तुळई' म्हणतात. एक तर तुळईवर किती भार टाकला की ती किती वाकते, हाच त्यांचा विषय. आणि दुसरं म्हणजे, ते स्वतः कधी वाकत नाहीत!

*

याच अबेनाला मध्येच ऑफिसातून पत्र आलं. परदेशी विद्यार्थ्यांच्या जर्मन वर्गात हजर राहा, सोमवार ते शुक्रवार, अगदी प्राथमिक. तिचं आडनाव आणि फोटो बघून कुणीतरी परस्पर ठरवलं असणार. तिने फोन केला, ई-मेल केला. उत्तर म्हणून दुसरं पत्र आलं. मग तिसरं.

शेवटी ती चिडून वर्गातच गेली, चूक झालीय हे तोंडावर सांगायला. तर बाई आजारी! बारा मुलं वह्या उघडून बसलेली. ही आत शिरली तशी सगळी उठून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "गुटेन मॉर्गन!"

आता काय करणार? तिने खडू उचलला.

आठवडाभर शिकवलं पोरीने! आणि महिन्याभराने ऑफिसातून चौथं पत्र आलं. त्यात प्रमाणपत्र होतं. 'यांनी प्राथमिक जर्मन वर्गाला नियमित उपस्थित राहून समाधानकारक प्रगती केली आहे.'

मिरियमने ते फ्रेम करून खोलीत लावलंय. नवीन मुलं आली की आधी तिकडे नेते.

*

शेल्फ माझं. एकदा एलियास नावाचा मेडिकलचा मुलगा आला, त्वचारोगाचा जाडजूड ॲटलास घेऊन. "मेधा, यातले सगळे फोटो गोऱ्या कातडीचे आहेत. पुरळ लाल दिसतं असं लिहिलंय. माझ्या अंगावर ते लाल दिसतच नाही. मग काळा पेशंट आला तर मी शोधायचं काय?"

मी चमकलेच. लहानपणी मला पित्त उठायचं, तेसुद्धा कधी लाल दिसलं नाही. कऱ्हाडच्या डॉक्टरांना हात लावूनच कळायचं. एवढा साधा प्रश्न, आणि लायब्ररीत वीस वर्षं बसून मला तो पडला नव्हता.

काळ्या त्वचेवरचं एक चांगलं पुस्तक शोधलं, मागणीचा फॉर्म भरला. साहेबांनी तो परत पाठवला. 'गरज स्पष्ट करावी.'

नेमकं त्याच दिवशी एलियासला कँटीनमधल्या कसल्याशा सॉसने पित्त उठलं. मी त्याला धरूनच साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. त्याने बाही वर केली.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

साहेब चष्मा वर-खाली करून बघत राहिले. "नाही हो."

"हीच गरज!"

आता त्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. दोन्ही कायम बाहेर असतात.

*

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. घरात बसून कंटाळल्या, म्हणून एका मंगळवारी त्यांना खोलीत घेऊन गेले. जाताना बजावलं, "आई, तिथे कुणाला गाव विचारायचं नाही हं."

"अगं, मी कशाला विचारतेय?" त्या म्हणाल्या, आणि आत शिरताच पहिल्या मुलीच्या गालावरून हात फिरवून मराठीत म्हणाल्या, "गोड आहेस गं! गाव कोणतं तुझं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मिरियमही बघायला लागली, आणि सिंक तर भरलेलंच होतं! मी पटकन भाषांतर केलं, "त्या विचारतायत, जेवलीस का?"

मुलगी खुलली. "या, या! केझेब्र्योटशन!" म्हणजे हो, हो, चीज घातलेला पाव.

"लांब आहे का गं ते?" सासूबाई.

मग त्या टेबलाटेबलाने फिरत गेल्या. एकाने 'सूप' सांगितलं, एकीने 'अजून नाही' म्हणत मान हलवली, तर तिला यांनी पिशवीतला डिंकाचा लाडू काढून दिला. तासाभरात डबा रिकामा!

परत येताना ट्राममध्ये त्यांनी रिकामा डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "मेधा, मुलं गोड आहेत हो. पण गाव विचारलं की सगळी पोटावर हात का ठेवतात गं?"

*

आता अबेनाचं.

तिसऱ्या पेपराच्या तयारीसाठी मिरियमने एक पद्धत काढली. विषयातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला समजावून सांगायचं, आणि तो माणूस मागे उभा राहणार. तो माणूस म्हणजे मी! दर मंगळवारी मी हाताची घडी घालून तिच्या पाठीशी उभी राहायचे, चेहरा जमेल तेवढा खडूस करून. ती तुळईची आकृती काढायची आणि मी म्हणायचे, "कळलं नाही. पुन्हा."

एकदा मीच वैतागले. "अगं बाई, बाल्कनीतल्या दोरीवर मधोमध ओली साडी टाकली की दोरी जास्त झोळते आणि कडेला टाकली की कमी. हेच ना?"

अबेना माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने आकृतीवर साडी काढली, काठासकट!

पण तिसऱ्या पेपरालाही ते सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. पास व्हायला तीन गुण कमी पडले. अशा थोडक्यात हुकलेल्यांना एक शेवटची तोंडी परीक्षा मिळते. त्याच सरांसमोर. नापास झाली तर दार कायमचं बंद.

त्या दिवशी मी आणि मिरियम बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. मिरियमचा आवाज पहिल्यांदाच बसलेला ऐकला. अर्ध्या तासाने अबेना बाहेर आली. निकाल दहा मिनिटांनी देणार होते.

"कसं झालं?"

"त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, तुम्ही कुठल्या? बहुतेक मला मोकळं वाटावं म्हणून. मी म्हटलं, हॅम्बर्ग. तर म्हणाले, हो, पण मूळच्या?"

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या खोलीत हा प्रश्न विचारणाऱ्याला कप घासावे लागतात."

मिरियमने कपाळाला हात लावला. मी विचारलं, "आणि ते काय म्हणाले?"

"वहीत काहीतरी लिहिलं आणि तुळईचा प्रश्न विचारला. पण मेधा, मी इतकी चिडले होते की घाबरायचं राहूनच गेलं! सगळं सांगितलं. साडीपण सांगितली."

दहा मिनिटं आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून बसलो. मग दार उघडलं. सरांनी कागदाकडे बघत एकच शब्द उच्चारला. "बेश्टांडन." पास!

मिरियमने जी आरोळी ठोकली, ती खालपर्यंत ऐकू गेली असणार. मी तर ढसाढसा रडले, लाज कसली त्यात! अबेनाने आईला फोन लावला. पलीकडून नुसता फेरीबोटीचा भोंगा वाजला, लांबलचक.

*

पुढच्या मंगळवारी खोली भरलेली होती. केक आणला होता, त्यामुळे सिंकमध्ये कपांचा डोंगर झाला होता. तेवढ्यात दारावर टकटक झालं.

सर!

अबेनाच्या हातातला काटा हवेतच राहिला. सरांनी कुणाकडे बघितलं नाही. कोट काढला, खुर्चीवर नीट घडी करून ठेवला, बाह्या वर केल्या.

"कप कुठे आहेत?"

मिरियमने नुसतं बोट दाखवलं. आमचं सिंक खाली आहे, उंच माणसाला कमरेत चांगलंच वाकावं लागतं. ते वाकले. एकेक कप आतून, बाहेरून, कानाच्या आतसुद्धा घासून, ओळीत पालथा घालत गेले. वीस-बावीस कप! खोलीत फक्त पाण्याचा आवाज.

एवढी सफाई मी कऱ्हाड सोडल्यापासून पाहिली नव्हती. मी कौतुकाने जवळ गेले, एक कप उजेडात धरून बघितला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वा! काय लख्ख घासलेत हो! तुम्ही मूळचे कुठले?"

सर थोडे बाजूला सरकले आणि घासणी माझ्या हातात दिली.