गरम गुळावरचा पदर

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून या ग्रुपवर लिहितेय.

माझ्या गौरीला ऑटिझम आहे. हवी ती वस्तू लगेच मिळाली नाही, तर ती स्वतःचा हात चावते. म्हणून तिला थांबायला शिकवतेय. खाऊवर रुमाल टाकायचा, मी तो काढेपर्यंत तिनं थांबायचं, मग खाऊ तिचा. घरी जमतं. बाहेर कधीच जमलं नव्हतं.

आज भालकीजवळ माझ्या भावाच्या गुऱ्हाळावर गेलो. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तिच्यापुढं पानावर वाफाळता गूळ ठेवला. रुमाल नेमका घरी राहिलेला. ती झेपावली, मी तिला मागं ओढलं.

"कामून अडवायलीस लेकराला? फुंकून देतो की."

"न्हाई अप्पा, तोंड भाजंल."

गौरीचा हात तोंडाकडं गेला. आता चावणार, म्हणून मी धरायला वाकले, तर तिनं माझा पदर ओढून गुळावर टाकला. आणि बसली, पुढं-मागं झुलत.

मलाच दम निघेना. अप्पांनाही नाही.

"झाला असंल की गार," म्हणत त्यांनी पदराला हात घातला. गौरीनं त्यांचा हात उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं मी हात पुढं केला. माझाही तिनं परत केला.

मग पदरावरून बोटानं चाचपलं, आणि गूळ निवल्यावर पदर स्वतःच काढला.

पदर अजून चिकट आहे. डोक्यात एकच चाललंय. रुमाल कधी काढायचा हे आजवर मी ठरवत होते. आता तेही तिच्यावर सोडू का? तुम्ही कधी सोडलंत?