कोट बघितल्याशिवाय जेवण नाही

माझ्या मामांच्या घरी आलेल्या पाहुण्याला कधीही वेळेवर जेवायला मिळालं नाही. मामी हात आखडता घेत म्हणून नव्हे. त्यांच्या हातचं मटण खायला लोक आष्ट्याहून वाट वाकडी करून येत. अडचण मामांची होती. पाहुणा पायरीशी चपला काढायला वाकला की मामा त्याला तिथंच अडवायचे. "ऱ्हाऊ द्या पायात. आधी कोट बघून येऊ. जेवण कुठं पळून जातंय?" जेवण पळून जात नसे, हे खरं, पण निवत असे. मामी तिसऱ्यांदा रस्सा गरम करताना गॅसपाशी जे पुटपुटत, ते मी इथे लिहीत नाही.

कोट म्हणजे गावाच्या कडेला, कृष्णेच्या काठावर उभा असलेला जुना भुईकोट किल्ला. उभा म्हणजे जेवढा उरलाय तेवढा. एक अख्खा बुरूज, एक निम्मा, वेशीची कमान आणि बाभळींनी भरलेली विहीर. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही हौसेने जाल, आणि मामा आता नसले तरी त्यांच्या तालमीत तयार झालेलं कुणीतरी तुम्हाला पारावर गाठेल आणि तुमचं दुपारचं जेवण बुडेल.

मामा फौजेतून हवालदार होऊन परत आले, थोडा ऊस लावला आणि कोटाचा ताबा घेतला. तो त्यांना कुणी दिला नव्हता. घेऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं, कारण गावात इतर कुणाला तो नकोच होता. पाहुण्यांना कमानीत उभं करून मामा म्हणायचे, "फालीन व्हा. एका मागं एक. म्होरं गोखरू हाय." सत्तरीची म्हातारी असो की नवी नवरी, सगळ्यांना रांगेतच चालावं लागे. मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत यायचे तेव्हापासून रांगेच्या शेवटी पाण्याची बाटली घेऊन चालायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी शिक्षिका झाले तरी ते माझ्याकडेच राहिलं.

दुसरीकडे किल्ला दाखवणारे लोक काय काय सांगतात. राणीने बुरुजावरून उडी घेतली, भुयार थेट साताऱ्याला निघतं, अमुक ठिकाणी हंडे पुरलेत. आमच्या मामांना खोटं बोलायचं वावडं होतं, आणि खरं असं की कोटात काय घडलं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे मामा फक्त जागा दाखवायचे. "हितं दिंडी दरवाजा हुता. आता न्हाई." शंभर पावलं पुढे. "हितं पागा हुती. आता न्हाई." पाहुणे भक्तिभावाने एका गोखरूच्या झुडपाकडे बघत राहायचे. मला त्यांची कणव यायची. एकदा मी मामांच्या कानाशी लागून म्हटलं, "मामा, एखादी राणी तरी घाला मध्ये."

"न्हवती ती कुठनं आणू?"

"मग भुयार सांगा."

"त्ये दोन हात आत जातंय अन् बंद हुतंय. मी सोता आत जाऊन बघितलंय," मामा म्हणाले. ते आत अडकले होते आणि पाय धरून ओढून काढावे लागले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मामींनी सांगितलं.

कोटाच्या मागच्या अंगाला गेलं की एकदम नदी दिसते. तिथे पाहुणे जिवंत व्हायचे, मोबाइल काढायचे. मामा मात्र नदीकडे पाठ करून उभे राहायचे. "तिला कशाला बघताय? तीच तर कोट खाती." प्रत्येक मोठ्या पुरात कोटाचा काहीतरी भाग गेला होता, आणि दुसरा बुरूज निम्मा झाला तो मामांच्या डोळ्यांदेखत. ते तेव्हा शाळेच्या गच्चीवर शेळ्या आणि शेजारी यांच्याबरोबर बसले होते. गाव वाचलं म्हणून सगळे हात जोडत होते, आणि मामा एकटे तावातावाने नदीला शिव्या देत होते. त्या दिवसापासून त्यांनी नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरणं सोडलं. नदीचं नावही घ्यायचे नाहीत. भांडलेल्या भावजयीबद्दल बोलावं तसं 'ती' म्हणायचे.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. मग शुभाचं लग्न काढलं. शुभा म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, मिरजेला एका दवाखान्यात नर्स. मामींनी हातापाया पडून सांगितलं, निदान मुलगी बघायला येणाऱ्यांना तरी आधी पोहे खाऊ द्या. मामा म्हणाले, सोयरीक करणाऱ्या माणसानं तर कोट आधी बघायला पायजे. कराडकडचा एक मुलगा पांढरेशुभ्र बूट घालून आला आणि कुसळं काढत परत गेला. त्याने शुभाकडे मान वर करून बघितलंच नाही. दुसऱ्या मुलाचे काका पागेच्या जागी उभे राहून म्हणाले, "हे सगळं सपाट केलं तर मंगल कार्यालयाला झकास जागा आहे." मामांनी त्यांना पोटभर जेवू घातलं, वेशीपर्यंत सोडलं, आणि त्या घरात पुन्हा फोन करायचा नाही म्हणून सांगितलं.

तिसरं स्थळ शुभाने स्वतःच ठरवून टाकलं होतं. अमोल तिच्याच दवाखान्यात रक्त तपासायला होता आणि आता म्हसवडला, आपल्या गावी, स्वतःची लॅब काढणार होता. "ताई, एवढा एक कोट निभावून ने," शुभा मला म्हणाली. मी अमोलची फोनवरून शिकवणीच घेतली. प्रत्येक 'आता न्हाई' झालं की मान हलवायची. मध्येच एकदा विचारायचं, भिंत किती रुंद होती. भुयाराचा विषय काढायचा नाही. पोरगा हुशार, सगळं पाठ करून आला.

एप्रिलचा महिना, डोक्यावर ऊन. अमोल, त्याचे वडील आणि चुलते आले. चपला पायातच ठेवून तिघे मामांच्या मागे निघाले. अमोलने मान अशी हलवली की मामा खूश झाले. भिंतीच्या रुंदीचा प्रश्न आला तेव्हा तर मामांनी चक्क माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मग आम्ही मागच्या अंगाला आलो आणि अमोलचे वडील थांबले.

"ही किस्ना?"

"व्हय," मामा म्हणाले. "तर ह्या बाजूला पागा..."

वडिलांनी चपला काढल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरले. त्यांच्या मागोमाग चुलते. अमोलने माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि त्यानेही चपला काढल्या. तिघे गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. वडिलांनी ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. चुलत्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. "म्हातारीला दाव. आगं उनाळ्यात हाय ह्ये. एप्रिलात." फोन हातोहात फिरला, म्हसवडच्या निम्म्या आळीने त्या दिवशी कृष्णा बघितली.

वर मामा आणि मी दोघंच उरलो. "हितं पागा हुती," मामा मला म्हणाले.

"मला ठाऊक आहे, मामा."

"तरी आयक."

मी ऐकलं. पागा ऐकली, धान्याचं कोठार ऐकलं. खाली पाहुणे पाय सोडून बसले होते, ते अर्ध्या तासाने वर आले. जेवताना त्यांनी मामींच्या रश्शाची तारीफ केली, शुभाची केली आणि सगळ्यांत जास्त नदीची केली. "लय नशिबाचं तुमी, पाव्हणं," अमोलचे वडील म्हणाले. "घराच्या मागं नदी." मामांनी भाकरी वाढायला सांगितली आणि दुसरीकडे बघितलं.

गाडी गेल्यावर मामा ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "माणसं वंगाळ न्हाईत. पर जमायचं न्हाई."

मामी उसळल्या. "कशापायी? निम्मा कोट बघायचा ऱ्हायला म्हणून?"

मामा पँटीला चिकटलेली कुसळं काढत राहिले. "तिकडं उनाळ्यात टँकर येतुया," ते शेवटी म्हणाले. "पोरीनं जलमात कवा पाण्यासाठी रांग बघितली न्हाई. घागर घिऊन हुबी ऱ्हायली तर मला हितं घास उतरंल व्हय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसाला कोटापलीकडे काही दिसत नाही. शुभा दारातून बाहेर आली. ती वडिलांसमोर कधी फार बोलायची नाही. "आबा, तुमी आलेल्या माणसाला न्हाई ते दावत फिरता," ती म्हणाली. "ह्यांनी हाय ते बघितलं. पाण्याला हात जोडणारी माणसं मला तहानलेली ठेवत्यात का? मला त्याच घरात जायचंय."

मामा उठले आणि चपला घालून निघाले. "गेलं कोटाला," मामी म्हणाल्या. दिवेलागणीला परत आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. त्यांनी चहा मागितला आणि म्हणाले, "म्हसवडला फोन लावा. म्हणावं, ऐतवारी परत या. निम्मा कोट ऱ्हायलाय."

ते आले, आणि खरोखर निम्मा कोट बघितला. अमोलच्या वडिलांनी प्रत्येक नसलेली गोष्ट थांबून नीट पाहिली. "आमच्यातबी असंच दावत्यात," ते म्हणाले. "हितं वढा हुता, हितं हीर हुती." मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघे ओढ्यांबद्दल आणि दरवाज्यांबद्दल इतकं बोलत बसले की त्या दिवशी रस्सा चौथ्यांदा गरम झाला.

लग्न दारातच मांडव घालून झालं. पाठवणीच्या वेळी बायकांनी रडायला पदर सारखे केले, आणि मुलीचा बापच सापडेना. शुभा तोवर हसत होती. आबा कोटावर जाऊन एकटेच रडत असतील, असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात घाटाच्या वाटेने मामा आले. डोक्याला फेटा, अंगात नवी सफारी आणि खांद्यावर वीस लिटरचा निळा कॅन. झाकण नीट बसलेलं नव्हतं. सफारीची एक बाजू ओलीचिंब झाली होती. फुलांनी सजवलेल्या गाडीची डिकी उघडून त्यांनी कॅन साड्यांच्या खोक्यांवर ठेवला आणि मामी "आवं, साड्या..." म्हणेपर्यंत तो गळायलाही लागला.

"किस्नेचं हाय," मामा व्याह्यांना म्हणाले. ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "पोरीला पाण्याची सवय हाय. पुरवून वापरा. सरलं की सांगा, मी घिऊन येतो."

शुभाचं हसू तिथे संपलं. ती मामांच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की आम्हां सगळ्यांनाच रडू आलं. व्याह्यांनी तो कॅन डिकीतून बाहेर काढला, झाकण आवळलं आणि पुढच्या सीटवर बसून मांडीवर घेतला. म्हसवड येईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही, असं शुभा सांगते.