गंगव्वाचं भिंग आणि अन्नदानाचं चित्र

बनशंकरीतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात गंगव्वा बावीस वर्षं काम करते आहे. मूळची निपाणीकडची, आधी विड्या वळायची. शाळा चौथीपर्यंत. पण जुना कागद हाती आला की ती आधी हात धुते, मग भिंग घेऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघते आणि मगच तोंड उघडते. मला सदा घाई, तिला कधीच नाही. यावरून आमचं रोज वाजतं.

परवा विश्वेश्वरराव आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, बडी असामी. सोबत दीडशे वर्षांपूर्वीचं, दगडावरून छापलेलं चित्र. दुष्काळात त्यांचे खापरपणजोबा अन्नदान करताहेत. मधोमध पगडी आणि शालजोडी, डाव्या कडेला भुकेल्यांची रांग.

"ही रांग कापून टाका," ते म्हणाले. "दिवाणखान्यात बरी दिसत नाही."

मी पट्टी लावून कटर उचललंसुद्धा. गंगव्वानं जिथून कापायचं तिथेच तळहात ठेवला.

"अण्णा, स्वल्प थांबा की."

गिऱ्हाइकासमोर हा प्रकार! मी ओरडलो, "हात काढ!" ती हलली नाही. दुसऱ्या हातानं तिनं भिंग विश्वेश्वररावांपुढे धरलं. "सायेब, एकदा बघा. मग मीच कापते."

ते वाकले. त्यांच्यामागून मीही पाहिलं. खापरपणजोबांचा चेहरा गुळगुळीत, त्या काळच्या कुठल्याही शेठसावकाराचा असावा तसा. रांगेतली माणसं नखाएवढी, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा! कुणाच्या टाचेची भेग, कुणाच्या बरगड्या. चित्रकारानं सगळा जीव तिथे ओतला होता. अगदी शेवटी एक बाई होती. तिच्या पत्रावळीवर मूठभर भात, आणि त्यातला अर्धा ती मागच्या म्हातारीच्या ओंजळीत घालत होती. अशी चित्रं मी जन्मभर मढवली. कडेला काय असतं ते कधी पाहिलंच नाही, याची लाज वाटली.

विश्वेश्वरराव बराच वेळ वाकलेलेच होते.

"चार पिढ्या हे चित्र आमच्या घरात आहे," ते म्हणाले. "आम्ही पगडीच बघत राहिलो. ही बाई कोण असेल हो?"

"खाली नाव तुमच्या खापरपणजोबांचंच छापलंय, सायेब. हिचं कुणी विचारलंच नसंल."

ते सरळ झाले. चित्र आहे तसंच मढवायला सांगितलं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"अक्का, तुमचं नाव काय?"

अकरा वर्षं ते आमच्या दुकानात येताहेत.