घासलेला नंबर

धक्क्यावर त्यांना समोर सगळे अप्पा म्हणत आणि पाठ वळली की कुलूप. माणूस कामसू, लाँच आरशासारखी ठेवणारा; पण पोटातलं ओठावर येईल तर शपथ. पाण्याला आज ओढ आहे का, असं कुणी विचारलं तरी अप्पा आधी विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि मग ‘बघू’ म्हणत. बायको म्हणायची, “अहो, चहात साखर कमी पडली हे सांगायलासुद्धा तुम्हाला दोन दिवस लागतात. तोवर मीही विसरते कुठला चहा.”

त्या सोमवारी लाँचची वार्षिक तपासणी होती. इंजिन अर्धा तास न थांबता चाललं तर वर्षभराचा परवाना, नाहीतर लाँच काठावर. आणि इंजिन दहा मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. आधी खोकायचं, मग धाप लागल्यासारखं करायचं, मग गप्प. दुखणं अप्पांना ठाऊक होतं. डिझेल गाळणारा फिल्टर चोंदला होता. एक जादा ठेवलेला असायचा, तोही वापरून झाला होता. तो धुऊन पुन्हा लावायचा वेडेपणाही त्यांनी करून पाहिला; आतला कागदच फाटला.

नवा आणायचा, एवढंच काम. पण कुठला?

इंजिन वडिलांच्या वेळचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. तिचे फिल्टर मिळेनासे झाले, तेव्हा बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराबरोबर महिनाभर डोकं लावून अप्पांनी शोध लावला होता, की रस्ता दाबायच्या रोलरचा एक फिल्टर या इंजिनाला चपखल बसतो. आटे तेच, तोंडाचं रबरी कडंही तेच. तेव्हापासून अप्पा दिसले की दुकानदार न विचारता दोन फिल्टर काढून ठेवी. अप्पा तिथेच पायरीवर बसत आणि पॉलिश पेपरने त्यांच्यावरचा नंबर घासून टाकत, पार पत्रा चमकेपर्यंत.

“अप्पा, फिल्टर आहे की गुप्तधनाचा नकाशा?” दुकानदार हसायचा.

“धक्क्यावर डोळे फार,” अप्पा म्हणायचे.

नंबर त्यांनी कुठे लिहूनही ठेवला नाही. लिहिलेलं काय, कुणीही वाचतं. आणि पाठ कशाला करायचा? दुकानदाराला होताच की पाठ.

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. दुकानदाराच्या मुलाने हात जोडले. “बाबा गेले, आठ महिने झाले. जुना माल भंगारात गेला. वहीबिही काही नव्हती, काका. सगळं त्यांच्या डोक्यात.”

चोंदलेला फिल्टर पिशवीत घालून अप्पांनी सगळा बाजार पालथा घातला. एकाने तो हातातही घेतला नाही. “नंबर बोला,” एवढंच. दुसऱ्याने दिला तो दोन आटे फिरून अडकला. शनिवारी दुपारी ते गल्लीच्या टोकाला, पंपाचे आणि जनरेटरचे सुटे भाग विकणाऱ्या बाईंकडे पोचले. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, फिल्टर उजेडात धरून फिरवला.

“नंबर कुणी खरवडला हो? चोरीचा माल आहे का?”

“गंजला असेल.”

“गंज असा एका रेषेत घासत नाही. चाळीस वर्षं पत्राच बघतेय मी.” त्या थांबल्या. “थांबा थांबा. अस्सा घासलेला फिल्टर मी आधी पाहिलाय. दहा-बारा वर्षं झाली असतील. एक जण यायचा, वहीत याची चित्रं काढून. वरून, खालून, आट्यांची मापं, कड्याची जाडी. शाळेतल्या पोरीची चित्रकलेची वही बरी! दर आठवड्याला हजर. शेवटी आम्ही दोघांनी शोधून काढला.”

“कोण होता?”

“पाण्याच्या पंपहाउसवर लागलाय आता. हसरा आहे, बोलतोही फार. नंबर काही मला आता आठवत नाही, पण त्याच्याकडे असणार.”

अप्पांनी फिल्टर परत पिशवीत घातला. पंपहाउसवरचा तो हसरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

वडिलांनी दोघांना दोन लाँच दिल्या होत्या, एकाच जातीच्या इंजिनाच्या. धाकट्याच्या लाँचला गर्दी जास्त. तो उतारूंची थट्टामस्करी करी, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवी, बायकांच्या पिशव्या उचली. अप्पांची लाँच वेळेवर सुटायची, तरी लोक त्याच्यासाठी खोळंबून राहत. हे अप्पांना सलायचं. पुढे फिल्टर मिळेनासे झाले तेव्हा धाकट्याने सरळ येऊन विचारलं होतं, “दादा, तू कुठला लावतोस रे? तुझी तर झकास चालतेय.”

“जुना साठा होता. संपत आला,” अप्पांनी सांगितलं होतं. अप्पांच्या मानाने ते बरंच लांब वाक्य होतं.

धाकट्याने मिळेल तो फिल्टर ठोकून बसवला. तो हवा ओढू लागला. दोनदा लाँच भर प्रवाहात बंद पडली. एकदा उतारूंत बाळंतपणाला चाललेली बाई होती. त्यानंतर माणसं त्याच्या लाँचवर पाय ठेवीनात. सहा महिन्यांत ती विकली गेली. घेणाऱ्याने फळ्या वेगळ्या केल्या. अप्पा त्या दिवशी नेहमीसारखे फेऱ्या मारत होते.

रविवारी सकाळी अप्पा पंपहाउसवर गेले. आत मोटारींची घरघर, ओली फरशी, भिंतीवर तेलाच्या हातांचे ठसे. धाकटा एका पंपाच्या बेअरिंगला ग्रीस भरत होता.

“अरे, दादा! आज सूर्य कुठून उगवला? बस, स्टूल पूस आधी, ग्रीस असेल.”

अप्पांनी पिशवीतून फिल्टर काढला आणि पुढे केला. धाकट्याने तो पाहिला. हसू जागच्या जागी विरलं. हात पुसून तो आतल्या कपाटाकडे गेला आणि खोक्यासकट दोन कोरे फिल्टर घेऊन आला. खोक्यांवर नंबर ठळक छापलेला होता, सात आकडे आणि मधे एक तिरकी रेघ.

“लाँच गेली आणि आठव्या दिवशी हे मिळाले,” तो म्हणाला. “घेऊन ठेवले. का, ते मला विचारू नकोस. टाकवले नाहीत.”

“तुला माप कुठून मिळालं?”

“धक्क्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात तू टाकलेला एक सापडला होता.” धाकट्याने घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. “तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं, दादा? म्हटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. वाट बघत चित्रं काढत बसलो.”

मोटारींच्या आवाजात अप्पांचे ओठ हलले. काय म्हणाले ते धाकट्याला ऐकू आलं नसावं. त्यांनी ते पुन्हा म्हटलंही नाही. धाकटा फिल्टरचं रबरी कडं चिमटीत दाबून पाहत होता. “कडक झालंय, पण तडा नाही. लावताना तेलाचं बोट फिरव. आणि हाताने आवळ, पाना लावू नकोस.”

“उद्या येतोस तपासणीला?”

“ड्यूटी आहे,” धाकटा म्हणाला आणि पुन्हा ग्रीसच्या डब्याकडे वळला.

सोमवारी इंजिन अर्धा तास काय, पाऊण तास चाललं. एकदाही खोकलं नाही. तपासनिसाने कागदावर सही केली आणि रिकाम्या धक्क्याकडे बघून सहज म्हणाला, “पूर्वी दहा-बारा लाँच असायच्या ना इथे? आता तुमचीच एक.”

“एकच,” अप्पा म्हणाले.

तो गेल्यावर अप्पांनी बायकोकडून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश मागवला. इंजिनाच्या पेटीच्या झाकणावर, बाहेरून, त्यांनी तो नंबर रंगवायला घेतला. वीतभर उंचीचे आकडे, काठावरून वाचता येतील असे. बायको डबा धरून उभी होती.

“एवढं मोठं कुणासाठी हो?”

अप्पांनी ब्रश थांबवला. धक्क्यावर एक नजर टाकली. तिथे बांधायला दुसरी लाँच नव्हती. त्यांनी तिरकी रेघ ओढली आणि उरलेले आकडे रंगवायला पुन्हा खाली वाकले.