तिन्ही लेन्सांतला डाग

लोक त्यांना सावकाशराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं बाहेर निघायचं. सहलीची बस चालवायचे, आणि चढणाऱ्याला, उतरणाऱ्याला, समोरून येणाऱ्या ट्रकलासुद्धा ‘सावकाश’ म्हणायचे. उभ्या जन्मात त्यांच्या गाडीला ओरखडा पडला नव्हता. घरात कुणाच्या हातून कप फुटला तरी सुरू व्हायचे, “एवढी वर्षं गाडी चालवतोय, पण...”

“पण ओरखडा नाही. ऐकलंय. ती सुपली द्या इकडे, काचा भरते,” बायको म्हणायची.

दुसऱ्यांच्या सहली करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. डोंगरावर कठड्यापाशी बस थांबली की माणसं रांगेत उभी राहायची, पोटं आत घ्यायची आणि हाक मारायची, “ड्रायव्हरसाहेब, जरा फोटो काढता का?” सावकाशराव हात पँटला पुसून कॅमेरा घ्यायचे. परक्या घरांच्या किती भिंतींवर त्यांनी काढलेले फोटो लागले असतील कोण जाणे. त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

म्हणून यंदा मालकांनी छोटी गाडी घरच्या सहलीसाठी दिली, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, आधी कॅमेरा घ्यायचा.

“बाबा, फोनमध्ये निघतात की फोटो,” लेक म्हणाली.

“फोनमध्ये निघतात आणि तिथंच कुजतात. मला डोळा लावून बघायचा कॅमेरा हवाय.”

दुकानात गेले ते बायकोला आणि नातीला घेऊन. नातीला सगळे बारकी म्हणत. दुकान चिंचोळं, कपाटांत काळ्या नळकांड्यांसारख्या लेन्स मांडलेल्या. दुकानदार बोलका होता. एक लेन्स अख्खा डोंगर मावेल अशी, एक दूरचा पक्षी जवळ आणणारी, एक नुसत्या चेहऱ्यांसाठी, असं त्याने तीन लेन्सांचं गुणगान गायलं.

“सगळे मावतील ती दाखवा,” बायको म्हणाली. “आमच्याकडे फोटोला कुणी एकमेकांना खेटून उभं राहत नाही. जावई तर असे उभे राहतात, जसे शेजारच्या फोटोतले.”

बारकीला दाराशी उभी केली. सावकाशरावांनी सवयीने डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याला लावला.

बारकीचा फ्रॉक दिसला. वेणीची रिबीन दिसली. मागचं दार, दाराबाहेरची सायकल, सगळं दिसलं. चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी कुणी ओल्या अंगठ्याने पुसल्यासारखा करडा डाग होता.

“भाऊ, काच पुसून द्या जरा.”

दुकानदाराने मऊ फडक्याने पुसून दिली. डाग तिथंच. त्याने दुसरी लेन्स चढवली. बारकी जवळ आली, डाग तसाच. तिसऱ्या लेन्सला तिचे कान आणि हनुवटी मोठी झाली, मध्ये तोच करडा अंगठा.

“तुमच्याकडे सगळा माल असाच का हो?”

दुकानदाराचं तोंड उतरलं. “काका, पेटी आत्ता तुमच्यासमोर फोडली.”

“बघू,” म्हणत बायकोने कॅमेरा ओढून घेतला. “कुठंय डाग? मला तर हिच्या नाकाला लागलेला शेंबूडसुद्धा दिसतोय.”

“माझ्या नाकाला काही नाहीये!” बारकी ओरडली. सगळे हसले. सावकाशरावही हसले, पण उशिरा.

“दुसरा डोळा लावून बघा काका,” दुकानदार हसता हसताच म्हणाला. “कधी कधी डोळ्यात कचरा असतो.”

त्यांनी डावा लावला. बारकीचा चेहरा लख्ख आला. रुसलेला, गाल फुगवलेला. त्यांनी हळूच पुन्हा उजवा लावला. बारकी गेली. फ्रॉक उभा राहिला.

“हं, दिसलं आता,” ते म्हणाले. “ही तिसरीच द्या.”

“अहो, ही चेहऱ्यांची. सगळे कुठं मावणार हिच्यात?”

“एकेकाचा काढीन.”

डोंगर मावणारी लेन्स घ्यायला म्हणून निघालेला माणूस चेहऱ्यांची घेऊन आला. तिच्यात निदान डागाच्या कडेने माणसाचे कान तरी दिसत होते. बायको वाटेत किमतीवरून भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांनी आरशासमोर डावा डोळा मिटून पाहिला. कॉलर होती, कान होते, साबणाचा फेस होता. आत माणूस नव्हता. वस्तरा त्यांनी बेसिनच्या कडेला ठेवला आणि नळ उगाच चालू सोडला, बाहेर कुणाला आत शांतता वाटू नये म्हणून.

हे कधीपासून, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याची लाज झाकत होता. ऑफिसात डोळे तपासत, पण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कुणी कधी बदललाच नव्हता. सगळ्या ड्रायव्हरांना तो पाठ. टपरीवर चहा पिताना एकमेकांना म्हणून दाखवत, शेवटची बारीक ओळ तर सुरात. गेल्या खेपेलाही सावकाशरावांनी तळव्याने एकेक डोळा झाकून तक्ता धाडधाड म्हटला होता. तक्त्याकडे बघायची गरजच पडली नव्हती. आणि त्यानंतर भरलेली बस घेऊन, धुक्यातून, किती वेळा तो डोंगर चढला होता! हे आठवलं तेव्हा त्यांनी बेसिनला दोन्ही हातांनी धरलं.

मग मनाची समजूत घातली. दुसरा डोळा आहेच की. स्टेपनीवर गाडी घरापर्यंत येतेच. सांगितलं तर उद्यापासून बस बंद, आणि बसशिवाय सावकाशराव म्हणजे नुसता एक माणूस. ही एवढी सहल होऊ दे, मग बघू.

निघायच्या दिवशी गल्लीतून गाडी रिव्हर्समध्ये काढताना डाव्या बाजूचा आरसा नीट वाचवला आणि उजवीकडचं दार विजेच्या खांबाला घासलं. कर्र असा आवाज आला. खाली उतरून त्यांनी ओरखड्यावर थुंकी लावून बोट फिरवलं. पुढच्या सीटवर बसलेली बायको खिडकीतून बघत होती. इतक्या वर्षांचा तोंडपाठ टोमणा तिच्या ओठांवर आला नाही.

“बाबा, खांब पुढे आला होता का?” मागून लेकीने थट्टा केली.

“रिव्हर्स तर जावईबापूंनी टाकायला हवा होता,” ते म्हणाले. “त्यांनी रिव्हर्स टाकला की खांबच बाजूला होतात, जीव वाचवून.”

जावई बिचारा हसला. बारकीने कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेतली होती.

डोंगराच्या पायथ्याशी ऊन होतं. चढ लागला आणि ढग रस्त्यावर उतरला. डावीकडे दरी. कठडा मध्येच होता, मध्येच नव्हता. सावकाशराव पुढे झुकून चालवत होते. ते कधी झुकून चालवत नसत.

वळणावर समोर दोन पिवळे दिवे उगवले. लांब आहे अजून, त्यांना वाटलं. ट्रक लांब नव्हता. अंतराचा अंदाज दोन डोळ्यांच्या जुन्या सवयीवर चालला होता, आणि बघत होता एकच.

“अहो!!”

त्यांनी गाडी डावीकडे दाबली. ट्रकचा भोंगा कानाला घासून गेला. गाडी थांबली, आणि पुढच्या डाव्या चाकाखालची खडी सुटून दरीत घरंगळली. आत सगळे कान लावून बसले. खडी खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

त्यांनी गाडी हळूच रस्त्याच्या आतल्या अंगाला, डोंगराला चिकटवून लावली.

“उतरा,” बायको म्हणाली.

“अगं, ट्रकवाल्याची चूक...”

“आधी उतरा. मग बोला.”

दोघं गाडीमागे ढगात उभे राहिले. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता.

“दुकानात तीन तीन काचा बदलून घेत होतात, तेव्हाच मला शंका आली. वाटलं, सांगाल. कुठला डोळा?”

“उजवा. मधोमध काही दिसत नाही. कॅमेरा लावला तेव्हाच कळलं मला, तुझी शपथ.”

“आणि कळल्यावर पोरीला, नातीला घेऊन हा डोंगर चढायला निघालात!”

“सांगितलं असतं तर गाडी गेली असती गं माझी.”

“आत्ता गाडीच चालली होती, आम्हाला घेऊन.” तिने हात पुढे केला. “चावी द्या.”

त्यांनी चावी दिली. देताना त्यांचा अंगठा चावीवरून उगाच दोनदा फिरला. तिने पुढे जाऊन ती जावयाच्या हातात ठेवली. “तुम्ही चालवा. ह्यांना दिसत नाहीये.”

जावई पांढराफटक पडला. “मी? डोंगरात? आई, मी बाजारापर्यंत...”

“इथं वळवायला जागा नाही. वर मोकळं मैदान आहे, तिथं वळवायची आणि सरळ डॉक्टरकडे.”

“पहिल्या गिअरमध्येच राहू द्या, जावईबापू,” सावकाशराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यात थट्टा नव्हती. “भोंगा वाजवत चला.”

ते मागे खिडकीशी बसले. मागच्या सीटवर बसून डोंगर चढायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. गाडी आचके देत निघाली. लेक मुकाट रडत होती. बारकी त्यांना चिकटली, “आजोबा, तुम्हाला मी दिसत नाही?”

“दिसतेस की. डाव्याने दिसतेस.”

पुढून बायकोने मान न वळवता विचारलं, “आणि डावा?”

“डावा एकदम ठणठणीत. डॉक्टर काहीतरी थेंब देतील, बघ. महिन्याभरात परत बसवर.”

ढग जरा विरळ झाला आणि खिडकीबाहेर दरीकडचा नवा कठडा दिसू लागला, सिमेंटचा, पट्टी लावून ओढल्यासारखा. सावकाशरावांनी उजवा डोळा मिटून घेतला आणि नुसत्या डाव्याने पाहिलं. कठडा मधोमध खचलेला दिसला. उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा, थोडासाच. त्यांनी मान हलवली. खड्डा नजरेबरोबर पुढे सरकला.

बांधतानाच वाकडा बांधला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. हल्ली कामं कुठं नीट करतात!

मग त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि वर पोचेपर्यंत पुन्हा बाहेर पाहिलं नाही.