अजून दोन पानं आहेत, सर

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. औरंगाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही तिघीच मुली, आणि ख्रिस्ती मी एकटी. माझे वडील पाचोडजवळच्या खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते.

एकदा दुर्बीण शिकवता शिकवता भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "चर्चनं आकाशाकडं बघणाऱ्याला घरात कोंडलं. बायबल उघडलं की विज्ञान मिटलं." पोरं हसली आणि वळून माझ्याकडं बघायला लागली. माझे कान तापले. सरांचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

शनिवारी एस.टी.नं घरी गेले. बाबा वह्या तपासत होते. मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, ते म्हणतील, खोटं आहे सगळं.

"कोंडलं, व्हय," ते म्हणाले. "ते झाकायचं नाय. पण ज्याला कोंडलं तो बी देव मानणाराच होता की!"

मग त्यांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला. "सूर्य, चंद्र, मासे, झाडं, सगळं घडवलेलं. घडवलेलं म्हणजे ते काय देव नाय. म्हणून ते उघडून बघता येतं, मोजता येतं. आणि देवानं ते आपल्या मर्जीनं घडवलं. त्याची मर्जी घरात बसून कशी कळंल? जाऊन बघावंच लागतं."

कॉलेजच्या विज्ञान मंडळात विद्यार्थी निबंध वाचायचे. मी नाव दिलं. "प्रवचन नको," सरांनी आधीच बजावलं.

मी उभी राहिले. अरबांनी घेतलेले ग्रहताऱ्यांचे वेध सांगितले, आपल्याकडचं गणित सांगितलं, कोंडल्याचंही सांगितलं. मग मी म्हणाले, युरोपातल्या कित्येकांनी निसर्गात नियम शोधले, कारण नियम घालून देणारा कुणीतरी आहे, अशी त्यांची खात्री होती.

सरांनी मध्येच अडवलं. "म्हणजे जग सहा दिवसांत झालं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"नाही सर. पण नियम घालून देणारा आहे, या श्रद्धेनं लोकांना शोधायचं बळ दिलं, हे खरं आहे."

"बसा खाली."

"अजून दोन पानं आहेत, सर."

दोन्ही पानं वाचूनच बसले. टाळ्या पडल्या नाहीत.

बातमी गावाकडच्या चर्चपर्यंत गेली. रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "भर सभेत सहा दिवस नाकारलेस? मंडळीपुढं माफी माग, नाहीतर चर्चच्या गायनमंडळात उभी राहू नकोस."

"नाही मागणार," मी म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

पुढं मी औरंगाबादेतच तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि रविवार फारसे चुकवले नाहीत. दोन्हीकडच्यांनी सांगून पाहिलं की एक काहीतरी सोड. मी काहीच सोडलं नाही.